फांदी निजवणारे सर

झाडांच्या फांद्या उतरवण्याचं काम करणारा माणूस झाडावर चढायला घाबरतो, हे ऐकून लोक हसायचे. सर त्यांच्याबरोबर हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. कुणी विचारलंच तर "भीती वाटते" एवढंच म्हणायचे, जसं एखाद्यानं मला साखर चालत नाही म्हणावं, तसं. घराच्या गच्चीवरही ते जात नसत. पापड वाळत घालायला आणि काढायला आक्काच जायच्या. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला, तेव्हापासून त्या सरांकडंच होत्या. सरांनी लग्न केलं नाही. दोघा भावंडांचं धाराशिवातलं ते छोटं घर, पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, मागं अंगण आणि अंगणात एक कडुलिंब.

सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचे. नोकरी सुटायला अजून बरीच वर्षं असताना त्यांनी ती सोडली आणि हे काम धरलं. का, ते मला फार उशिरा कळलं.

माझी त्यांची गाठ पडली ती येडशीत. मी आणि माझा चुलतभाऊ दत्ता, आमी दोघं तेव्हा कुऱ्हाड घेऊन गावोगाव फांद्या तोडत हिंडायचो. घरावर आलेली, तारेवर आलेली, विहिरीवर वाकलेली, कसलीही. घरी बायकापोरं होती, आमची तिशी आलेली, आणि वर चढायला आम्हाला जिवाचं काही वाटत नव्हतं. त्या दिवशी एका हॉटेलावरच्या लिंबाची फांदी तोडून मी खाली उतरलो, तर एक शर्ट खोचलेला, चष्मेवाला माणूस रस्त्याच्या पलीकडं उभा. रस्ता ओलांडून आला.

"खालचा माणूस कोण होता?" त्यानं विचारलं.

"कोणता खालचा माणूस?"

"तेच विचारतोय."

मी दत्ताकडं बघितलं. दत्ता चहा पीत होता. फांदी पडताना खाली कोण येतंय, कोण जातंय हे बघायला आमच्याकडं माणूसच नव्हता. फांदी तुटायच्या आधी आमी "ए सरका" म्हणून ओरडायचो. तेवढीच आमची व्यवस्था. सरांनी तिथंच उभ्या उभ्या विचारलं, "माझ्याकडं शिकायला येता का? दोघंही या." त्यांनी आम्हाला अहोजाहो केलं. ते सगळ्यांनाच तुम्ही म्हणायचे, मजुराला, पोराला, एकदा तर माझ्यासमोर एका शेळीलाही म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा."

त्यांच्याकडं गेल्यावर आम्हाला वाटलं, झाड दाखवतील. त्यांनी माठ दाखवले. बाजारातनं आणलेले मातीचे माठ, अंगणात भिंतीकडंला ओळीनं मांडलेले. कडुलिंबाच्या वरच्या बेचक्यात एक कप्पी बांधलेली होती. तिच्यातनं दोर जायचा, दोराच्या एका टोकाला जाळीत पाण्यानं भरलेला माठ. दुसरं टोक खाली येऊन झाडाच्या बुंध्याला वेढे घालून आपल्या हातात. वेढ्यांमुळं दोर बुंध्याला घासतो आणि एवढं जड ओझंही एका माणसाला हातानं आवरता येतं. माठ वरनं सोडायचा आणि खाली वाळूवर ठेवायचा. ठेवताना आवाज आला नाही पाहिजे.

"आवाज आला?" सर विचारायचे. आम्हाला नाही, स्वयंपाकघराकडं तोंड करून.

"आला!" आतनं आक्का म्हणायच्या. कधी कधी पोळी लाटता लाटता त्या आपणहून ओरडायच्या, "फुटला गं बाई!"

लई माठ फुटले. पण हाताला एक गोष्ट कळायला लागली. पडणारं ओझं एकदम धरलं की झटका बसतो आणि तो झटका दोर, कप्पी, फांदी सगळ्यांचा जीव घेतो. ते धरायचं नसतं, जाऊ द्यायचं असतं, पण आपल्या मनानं. सर म्हणायचे, "फांदी पाडायची नाही. निजवायची. पाळण्यातलं लेकरू काढून अंथरुणावर ठेवता ना? तसं."

आमचे शब्द तीनच होते. ताण, सैल, थांब. वरच्यानं शब्द टाकला की खालच्यानं तोच परत म्हणायचा, मगच हात हलवायचा. "व्हय" म्हटलं तर सर काम थांबवायचे. "व्हय म्हणजे काय? तुम्ही ऐकलं काय, मला काय कळणार?" ही सवय त्यांना घरातही होती. आक्का कपात चहा ओतायला लागल्या की सर म्हणायचे, "थांब." आक्का उलट म्हणायच्या नाहीत, चहा बशीत सांडेपर्यंत ओतायच्या. "मला नको शिकवूस," म्हणायच्या.

रोज सकाळी ते सगळा दोर बोटांतनं काढायचे. ओट्यावर बसून, डोळे मिटून, इंचइंच. कुठं धागा उसवलाय, कुठं कडक झालाय, कुठं चपटा पडलाय, ते बोटांना लागायचं. एखादा दोर मनातनं उतरला की त्याचे हातहात लांबीचे तुकडे करून टाकायचे. मी एकदा म्हणलं, "सर, फांदीला नको, पण विहिरीला चालंल की. चांगला दिसतोय."

"चांगला दिसतोय हीच भीती आहे. उद्या कुणी याला झोका बांधला तर?"

त्या तुकड्यांनी आमच्या गावातल्या निम्म्या शेळ्या बांधलेल्या असायच्या.

सरांबरोबर काम करणं म्हणजे लोकांच्या शिव्या खाणं. झाडाखालच्या घरातलं माणूस न् माणूस बाहेर काढायचे. कोंबड्यासुद्धा. ढोकीजवळ एका घरी एक म्हातारे अंथरुणाला खिळलेले होते. सरांनी त्यांची बाज उचलून चौघांकडनं बांधापलीकडच्या सावलीत नेली, वर चादर धरली. म्हातारे हसत होते, लई दिवसांनी शेत बघायला मिळालं म्हणून. पण त्यांचा पोरगा भडकला. "सर, इवलीशी फांदी. एवढा तमाशा कशाला?"

"फांदी इवलीशी आहे," सर म्हणाले, "पण मला ती कुठं पडेल हे शंभर टक्के सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?"

त्यानं चादरीचं एक टोक धरलं. पटून धरलं असं मी म्हणणार नाही. वाद घालायला त्याला कंटाळा आला असंल. सरांना दोन्ही सारखंच होतं.

वारं सुटलं की काम बंद. वर चढणारा उपाशी असंल तर काम बंद. घरात भांडून आलेला असंल तरी बंद. हे त्यांना कसं कळायचं कुणास ठाऊक. दत्ता एकदा बायकोशी कडकडून भांडून आला होता. सरांनी त्याच्या कमरेचा पट्टा नुसता तपासला आणि म्हणाले, "आज तुम्ही खाली." फांदी उतरवायची पद्धत ठरलेली. आधी फांदीला दोर. मग खालच्या बाजूनं थोडा काप, म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल ओरबाडत खाली येत नाही. मग वरनं काप. फांदीच्या शेंड्याला दुसरा बारीक दोर, त्याला ते शेपूट म्हणायचे. फांदी लटकली की दोघांनी ते शेपूट धरून तिला हवं तिकडं वळवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा मोठा दोर, तो सर स्वतः धरायचे. त्या वर्षांत तो त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही.

एक दिवस सोडून.

वाशीच्या पुढं एका वस्तीवर चिंचेचं झाड होतं. जुनं, दोनतीन मोठ्या खोडांत फाकलेलं. त्यातली एक फांदी पार कौसाबाईच्या पत्र्यावर आडवी पडत आली होती. कौसाबाई म्हणजे घरची कर्ती बाई, वय साठीच्या आसपास, आवाज असा की पलीकडच्या शिवारात ऐकू जावा. फांदी काढा म्हणून तिनंच बोलावलेलं आणि आमी गेल्यापासून तीच कटकट करत होती. चिंच सासऱ्यानं लावलीय, जास्त तोडू नका. घर रिकामं करायला लावलं, म्हणून राग. चूल विझवायला लावली, म्हणून अजून राग. सरांनी आखलेल्या रेषेच्या बाहेर ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि सरांकडं टक लावून बघत होती.

दत्ता त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता. वर मी एकटा. खाली मोठ्या दोरावर सर, शेपटावर वस्तीवरचीच दोन माणसं, सरांनी सकाळीच शिकवलेली.

मी पट्ट्यानं खोडाला बांधून घेतलेलं. खालचा काप घेतला, वरचा घेतला. फांदी हलली, दोरावर आली, सगळं नेहमीसारखं. आणि मग माझ्या छातीपाशी, खोडाच्या आत, काहीतरी कडाडलं. खोड वरच्या अंगाला पोकळ होतं. बाहेरनं साल धड, आत ढोली. फांदीनं जाताना खोडाचा एक मोठा कपचा बरोबर उपसला, आणि तिचा बुंधा मागं फिरून माझ्या डाव्या पायावर आला. गुडघ्याखाली. पाय फांदी आणि खोडाच्या मधे चेपला गेला.

मी ओरडलो का, ते मला आठवत नाही. लोक म्हणतात ओरडलो. मला खालनं सरांचा आवाज तेवढा आठवतो. "थांब." कुणाला म्हणाले कळलं नाही. बहुतेक फांदीलाच.

दोर त्यांनी धरून ठेवला होता. फांदी तशीच अर्धी लटकत राहिली. मी वरनं बघत होतो, सर मान वर करून, तोंड उघडं, नुसते डोळे फिरवत होते. मला त्यांचं सगळं गणित कळत होतं, कारण ते त्यांनीच शिकवलेलं. दोर सैल केला तर फांदी माझा पाय घेऊनच खाली जाणार. ताणला तर ती खोडाकडं ओढली जाणार, म्हणजे माझ्या पायावरच. तिला माझ्यापासनं लांब ओढायची तर पलीकडच्या खोडावर दुसरी कप्पी लागणार. ती लावायला कुणीतरी वर यायला पाहिजे.

शेपटावरच्या दोघांतला एक चप्पल काढून पुढं झाला. "म्या जातो वर."

"नाही," सर म्हणाले. "तुमचं वजन चुकीच्या फांदीवर पडलं तर दोघं जातील."

मग ते कौसाबाईकडं वळले.

"मावशी, तुम्ही सकाळपासून माझे हात बघताय."

"बघायली की. दुसरं काय काम ठेवलंय तुमी मला?"

"मग इकडं या. हा दोर धरा. खेचायचा नाही, नुसता धरायचा. वजन झाडानं धरलंय, तुम्ही फक्त दोराला सुटू द्यायचं नाही. मी सैल म्हणलं की वीतभर सोडायचा. थांब म्हणलं की थांबायचं. आणि मी जे म्हणेन ते आधी तुम्ही म्हणायचं."

कौसाबाईनं पदर खोचला, पालथ्या घमेल्यावर बसली, दोर हातात घेतला. सरांनी आपले हात तिच्या हातांवर ठेवले, मग हळूहळू काढून घेतले. ती बाई त्यानंतर एक शब्द जादा बोलली नाही.

सर कप्पी आणि दुसरा दोर खांद्याला अडकवून शिडी चढायला लागले तेव्हा मी पाय विसरून त्यांच्याकडं बघत राहिलो. शिडीच्या मधल्या पायरीवर त्यांनी डोळे मिटले. शिडी संपली, पुढं माझा राखीव दोर लोंबत होता, तो चाचपून धरला, त्याला आपला पट्टा अडकवला, गाठ मारली, सगळं आंधळ्यासारखं. ती गाठ त्यांनीच आम्हाला शिकवलेली, वर सरकणारी, खाली आवळणारी. आणि तिथं थांबले.

"मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"सर, डोळे उघडा."

"उघडले तर हात सुटतील. तुम्ही सांगा."

माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. पण सांगायला लागलो. "उजवा हात वर. अजून. तिथं गाठ हाय, धरा. आता डावा पाय. डावा, सर, डावा. व्हय, तिथं खाच हाय. जोर द्या."

"जोर द्या," ते म्हणाले, आणि दिला.

मी गप्प झालो की ते लगेच म्हणायचे, "बोला. तुम्ही बोलला नाहीत तर मी जागच्या जागी." मग मी परत बोलायचो. त्यांचा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. दातावर दात आपटत होते, ते मला वर ऐकू येत होतं. एकदा त्यांचा पाय निसटला आणि ते दोरावर झोकांडले. खाली बायकांनी किंकाळी फोडली. सर त्या दोराला मिठी मारून लोंबकळत होते, आणि मला वाटलं, आता हा माणूस इथनं हलत नाही, आता आमी दोघंही इथंच. पण थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, अगदी वर्गात प्रश्न विचारावा तसा. "आता कुठला पाय?"

त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला तेव्हा मी रडलो.

पुढचं काम डोळे मिटून होणारं नव्हतं. पलीकडचं खोड निवडायचं होतं, ते धड आहे का बघायचं होतं. सरांनी डोळे उघडले. खाली बघितलं नाही, लांब बघितलं नाही, नाकापुढची साल तेवढी बघितली. खोडावर मुठीनं ठोकलं, कान लावला, अजून जरा वर ठोकलं. मग दोन्ही खोडांना हातांनी धरून पलीकडं झाले आणि कप्पी बांधली. दुसरा दोर तिच्यातनं ओवला, फांदीच्या बुंध्याला गाठ मारली, टोक खाली सोडलं. त्या टोकाला दोन्ही माणसं लागली.

"ताण."

"ताण!" खालनं.

"मावशी, सैल."

"सैल!" कौसाबाई अशी ओरडली की चिंचेतले पक्षी उठले.

फांदी माझ्या पायावरनं अशी हळू बाजूला झाली, जसं कुणी आतनं दार लोटावं. पाय सुटला तेव्हा खरी कळ आली. सरांनी गळ्यातला रुमाल काढून माझ्या मांडीला आवळला, माझा पट्टा खोडावरनं सोडवून माझ्या दोरावर घेतला आणि खालच्या दोघांतल्या एकाला मला खाली सोडायला लावलं. मी त्यांच्या डोळ्यांसमोरनं खाली गेलो, पण त्यांनी मान खाली केली नाही. आभाळाकडं बघूनच विचारत होते, "पोचले का? पोचले का?"

मला गाडीत घातलं. पुढचं दत्तानं सांगितलं, त्यालाही वस्तीवरच्यांनी सांगितलेलं. सर वरनंच शब्द टाकत राहिले आणि कौसाबाईनं ती फांदी आपल्याच अंगणात उतरवली. पत्र्याला ओरखडा नाही. मग सगळे सरांची वाट बघत बसले आणि सर उतरेनात. खोडाला मिठी मारून तसेच. लोकांनी सांगून बघितलं, एकानं वर जाऊन हात द्यायची तयारी केली, त्यालाही नको म्हणाले. शेवटी कुणीतरी धाराशिवला फोन केला. ऊन कलल्यावर आक्का जीपनं आल्या. झाडाखाली उभ्या राहून वर बघितलं आणि म्हणाल्या, "उतर की रे आता. माझे गुडघे दुखायलेत उभं राहून."

सर उतरले.

सोलापूरच्या दवाखान्यात मी बरेच दिवस होतो. पाय राहिला, पण घोट्यात वाकायचा बंद झाला. झाडावर चढणं संपलं, ते डॉक्टरांच्या आधी मलाच कळलं होतं. सर येत राहायचे. खाटेशेजारच्या स्टुलावर बसायचे, माझ्या बायकोला बाहेर चहा पिऊन या म्हणायचे. एक दिवस म्हणाले, "चूक माझी आहे."

"आतनं पोकळ खोड, सर. कुणाला दिसतंय?"

"दिसत नाही. ऐकू येतं. मी बुंध्यावर मोगरी मारून बघितली, बुंधा भरीव होता. वरच्या खोडावर मारून बघायला मी वर गेलो नाही. तुम्हाला पाठवलं. मला भीती वाटते म्हणून तुम्हाला पाठवलं."

खरं सांगायचं तर तेव्हा माझा पाय ठणकत होता, आणि मनात आलं, व्हय, असंच आहे. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. सर मान हलवून उठले.

त्यानंतर कित्येक महिने त्यांनी काम घेतलं नाही. लोकांना वाटलं, हाय खाल्ली. आक्कांनी मला नंतर सांगितलं, ते काय करत होते ते. रोज सकाळी अंगणातल्या कडुलिंबाला शिडी लावायचे आणि चढायचे. एक पायरी. तिथं उभे राहायचे, घाम पुसायचे, उतरायचे. पुढच्या आठवड्यात तिच्या वरची. शेजारचे लोक दात घासत कुंपणाशी उभे राहून बघायचे. "या वयात," आक्का म्हणाल्या, "या वयात मेल्याला चढायचं सुचलं. मी खाली शिडी धरून. वर हा थरथरतोय आणि खाली शिडी थरथरतीय."

मी काठी टेकत त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आतनं मोठा दोर आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हा आता तुमच्याकडं. बसून धरता येतो. कौसाबाईंनी बसूनच धरला होता."

"आणि तुमी, सर?"

"मी आधी वर जाईन."

आणि त्यानंतर प्रत्येक झाडावर ते आधी गेले. कंबरेला पट्टा, हातात लाकडी मोगरी. दोन दोर बांधून घ्यायचे आणि दत्ताला खाली थांबवून चढायचे. खालनं आम्हाला ठक ठक ऐकू यायचं, मधे थांबलेलं, परत ठक ठक. फांदी न् फांदी, खोड न् खोड वाजवून खाली यायचे. चेहरा राखेसारखा झालेला असायचा. जीपच्या मागं जायचे. तिथं ते ओकतात हे आम्हाला माहीत होतं आणि आमी दुसरीकडं बघायचो. चूळ भरून आले की सांगायचे, "ही घेऊ. ती वरची नको, तिच्यावर दत्ताला उभं करायचं नाही." काही झाडांना त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं आणि आमी माघारी आलो.

मला आधी वाटलं, होईल सवय. दोनतीन वर्षांनी मी विचारलंही, "आता भ्या गेलं असंल, सर?"

"नाही हो," ते म्हणाले. "तेवढंच आहे. रोज सकाळी मोजून दिल्यासारखं तेवढंच."

मला त्यांच्या धाडसाबद्दल लोकांनी नंतर पुष्कळ विचारलं. ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात उभं राहून काहीजण तेच बोलले, सर निधड्या छातीचे होते म्हणून. मी मागं बसलो होतो. त्यांनी जीपच्या मागं ओकणारे सर बघितले नव्हते. आक्का माझ्याकडं बघून नुसतं मान हलवत होत्या.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल. सर आजारी होते, पोटाचं दुखणं, शर्टात अजून एक माणूस मावला असता इतके वाळलेले. येडशीकडच्या रस्त्यावर एका वडाची फांदी उतरवायची होती. ते येतो म्हणाले. चढू शकणार नव्हते. दत्ता वाजवून बघणार होता, पण त्यांना ऐकायचं होतं. आक्कांनी उशी दिली, ती पाठीशी घेऊन जीपमध्ये बसले. वाटेत मी विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं. नोकरी सोडून हे का धरलंत?

मला वाटत होतं त्यांचं कुणीतरी दगावलं असणार. भाऊ, मित्र, एखादा विद्यार्थी.

"कुणी नाही," सर म्हणाले. "मी एकदा याच रस्त्यानं स्कूटरवर चाललो होतो. स्टँडवर एक माणूस झाडाखाली उभा. विडी ओढत होता. वर कुणीतरी फांदी तोडत होतं. त्या माणसाची विडी विझली, म्हणून तो काडी मागायला दोन पावलं बाजूच्या माणसाकडं गेला. आणि फांदी पडली. तो उभा होता तिथंच. त्यानं मागं बघितलं, खांद्यावरचा पाला झटकला, विडी पेटवली आणि बस आली तसा बसमध्ये चढून गेला."

"मग?"

"मग काहीच नाही. कुणी काही म्हणालं नाही. तोडणारा खाली उतरून फांदी ओढायला लागला. मी घरी आलो. जेवण जाईना. आक्काला सांगितलं, ती म्हणाली वाचला ना, मग झालं. बरोबरच आहे. पण विडी पेटत राहिली असती तर? एका विडीवर माणूस राहिला होता. मला ते सोसलं नाही."



वडापाशी पोचलो. सरांनी जीपचं दार उघडं ठेवायला सांगितलं. दत्ता वर गेला, मोगरी वाजायला लागली. सर डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी हात वर केला, "परत." दत्तानं परत वाजवलं. "चालेल." मी बुंध्याशी बसून दोराचे वेढे घातले. दोन्हीकडं माणसं उभी करून रस्ता अडवला. फांदी मोठी होती, वेळ लागत होता. गाड्या थांबल्या, उसाचा ट्रॅक्टर थांबला. लोक हॉर्न मारायला लागले.

दत्तानं काप घेतला. फांदी दोरावर आली, मी तिला जाऊ दिली, थोडी, अजून थोडी, शेपटावरच्यांनी तिला रस्त्याकडेला वळवली, आणि ती गवतावर जाऊन पडली. पडली म्हणायला नको. आवाज आला नाही. मी सरांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

रस्ता मोकळा केला. सगळ्यात पुढं एक मोटारसायकलवाला होता, मागं बायको, मधे पोरगी. त्याला लई उशीर झाला असावा. जीपजवळनं जाताना त्यानं गाडी हळू केली आणि सरांनाच म्हणाला, "एका फांदीला इतका टाईम लावता व्हय? लोकांना कामंधंदे न्हाईत का?"

सरांनी हात जोडले. "चुकलं. झालं आता, जा तुम्ही."

तो कुरकुरत गेला. बायकोनं पोरीचा स्कार्फ सारखा केला. कुणी वर बघितलं नाही. सर दाराला धरून पुढं वाकले आणि ती मोटारसायकल वळणापलीकडं जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूष कधी बघितलं नव्हतं.